आकाशाचा ताळेबंद



दि. १२ डिसेंबर २०१५ ची संध्याकाळ. पॅरिसलगतच्या ल बूर्जे येथील सभागृहात जगभरच्या राष्ट्रांचे प्रतिनिधी आपापल्या आसनांवर बसून होते. दोन आठवड्यांच्या वाटाघाटी संपल्या होत्या. हवामानबदलविषयक कराराचा अंतिम मसुदा दुपारीच सर्वांच्या हाती पडला होता. सभा सुरू होण्याची वेळ उलटून गेली, तरी व्यासपीठावरून घोषणा होईना. विलंबाचे कारण एका शब्दात दडलेले होते.

मसुद्याच्या चौथ्या कलमातील चौथ्या परिच्छेदात, विकसित राष्ट्रे संपूर्ण अर्थव्यवस्थेला लागू होणारी कपातीची उद्दिष्टे स्वीकारून पुढाकार 'घेतील', अशी शब्दयोजना होती. इंग्रजी मसुद्यातील तो शब्द 'शॅल' हा होता. कायद्याच्या भाषेत हा शब्द बंधनाचा. अमेरिकेच्या शिष्टमंडळाने त्यास हरकत घेतली. असे बंधन अंगावर आले, तर करार सिनेटपुढे न्यावा लागेल, आणि सिनेट तो कदापि संमत करणार नाही, ही त्यांची अडचण होती. अखेर सचिवालयाच्या अधिकाऱ्याने स्वल्पविरामांच्या व मुद्रणाच्या किरकोळ दुरुस्त्यांबरोबर हीही एक 'दुरुस्ती' वाचून दाखविली. 'शॅल'च्या जागी 'शुड' आले. 'घेतील'चे 'घ्यावा' झाले. अध्यक्ष लोराँ फाबियुस यांचा हातोडा पडला आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमले.

त्याच परिच्छेदात विकसनशील राष्ट्रांसाठी आधीपासूनच 'करावे' हा अपेक्षेचा शब्द होता. म्हणजे एका दुरुस्तीने दोन्ही बाजू क्रियापदापुरत्या एका ओळीत येऊन बसल्या. ज्याने दोनशे वर्षे धूर सोडला तो आणि ज्याच्या घरात कालपरवा वीज आली तो, दोघांनाही आता 'करावे' एवढेच सांगितले गेले. हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय एकमताचा गेल्या तीन-साडेतीन दशकांचा इतिहास म्हणजे मुख्यतः या एका फरकाचा इतिहास आहे. तो फरक राखायचा की पुसायचा, हाच प्रत्येक परिषदेतील खरा वाद होता, आणि आजही आहे.

सामायिक आकाश, विषम खाते

मुळात एवढ्या राष्ट्रांनी एकत्र बसून करार करण्याची गरज का पडावी? नदी गढूळ झाली, तर तिच्या काठच्या राज्यांनी तोडगा काढावा, शहराची हवा बिघडली, तर त्या शहराने उपाय करावा, हे समजण्यासारखे आहे. कार्बन डायऑक्साइडची गोष्ट मात्र निराळी आहे. तो कोणत्याही चिमणीतून निघाला तरी काही काळात साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो, आणि त्याचा मोठा अंश शतकानुशतके तेथेच राहतो. वाफेच्या यंत्रांच्या काळात इंग्लंडमध्ये जळलेल्या कोळशाचा काही भाग आजही आपल्या डोक्यावर आहे. म्हणूनच येथे केवळ या वर्षीचे उत्सर्जन पाहून भागत नाही, मागची बाकीही पाहावी लागते.

गावाच्या गायरानाचे उदाहरण घ्यावे. कुरण सर्वांचे. त्यावर किती गुरे चरावीत याला निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. काही घरांनी पिढ्यान्‌पिढ्या शेकडो जनावरे सोडून बहुतेक गवत संपविले. उरलेल्या तुकड्यावर आता एका गरीब घरची गाय चरायला आली, तेव्हा ग्रामसभा बोलावून 'यापुढे सर्वांनी सारखाच संयम पाळावा' असा ठराव मांडला गेला. ठरावात खोटे काहीच नाही, कुरण खरोखरच संपत आले आहे. पण तो न्याय्य आहे काय?

आकडे या दृष्टीने बोलके आहेत. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीच्या सहाव्या अहवालानुसार १८५० ते २०१९ या काळात मानवाने सुमारे २,४०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड वातावरणात सोडला. तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याची निम्मी तरी शक्यता राखायची, तर २०२० पासून पुढे केवळ ५०० अब्ज टन शिल्लक होते. जग दरवर्षी सुमारे ४० अब्ज टन खर्च करते. हिशेब कोणालाही करता येईल: थैलीतील पाच हिश्श्यांपैकी चार हिस्से आधीच संपले होते, आणि पाचवाही वेगाने रिता होत आहे. २०२४ हे वर्ष औद्योगिक क्रांतीपूर्व सरासरीच्या दीड अंश पलीकडे गेलेले पहिले वर्ष ठरले.

हे चार हिस्से कोणी संपविले? एकूण ऐतिहासिक कर्बोत्सर्जनापैकी सुमारे एक-चतुर्थांश एकट्या अमेरिकेचे आहे. युरोपचा वाटा त्याच्या खालोखाल येतो. जगाच्या लोकसंख्येत एक-षष्ठांशाहून अधिक वाटा असलेल्या भारताचा त्यातील भाग ३ ते ४ टक्के एवढाच आहे. आजही भारताचे दरडोई कर्बोत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास, तर अमेरिकेचे १४ टनांच्या घरात आहे.

स्टॉकहोम ते रिओ

पर्यावरण व विकास यांतील हा संबंध भारताने प्रथम मांडला तो १९७२ मध्ये, स्टॉकहोमच्या परिषदेत. दारिद्र्य आणि निकड हीच सर्वांत मोठी प्रदूषके नव्हेत काय, असा प्रश्न तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तेथे विचारला. त्या वेळी तापमानवाढीची चर्चा जागतिक राजकारणात नव्हती. १९८८ मध्ये जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून आंतरशासकीय समिती स्थापली. त्याच वर्षी माल्टा या छोट्या देशाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हवामान हा अखिल मानवजातीच्या चिंतेचा विषय असल्याचा ठराव केला. डिसेंबर १९९० मध्ये कराराच्या वाटाघाटींसाठी स्वतंत्र समिती नेमली गेली.

वाटाघाटी सुरू होत होत्या त्याच सुमारास, अमेरिकेतील एका संस्थेच्या अहवालाने भारत, चीन व ब्राझील यांना मोठ्या उत्सर्जकांच्या रांगेत बसविले. त्याला १९९१ मध्ये अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी दिलेले उत्तर आजही मननीय आहे. भातखाचरातून आणि गुराढोरांपासून निघणारा मिथेन हा जगण्यासाठीचा आहे, श्रीमंत देशांतील मोटारींचा धूर हा चैनीचा आहे, दोहोंना एका तागडीत तोलणे अन्यायाचे आहे, असे त्यांनी साधार दाखवून दिले. वातावरणावर प्रत्येक माणसाचा समान हक्क, हे सूत्र तेथून वाटाघाटींच्या टेबलावर आले. चंद्रशेखर दासगुप्ता यांच्यासारख्या मुत्सद्द्यांनी ते नेटाने लावून धरले.

दरडोई समानतेचे सूत्र जसेच्या तसे स्वीकारले गेले नाही. पण १९९२ मध्ये रिओच्या वसुंधरा परिषदेत स्वाक्षऱ्यांसाठी खुल्या झालेल्या आराखडा करारात त्याचे सार उतरले: जबाबदारी सामायिक आहे, पण ती ज्याच्या त्याच्या भूतकाळाप्रमाणे व क्षमतेप्रमाणे वेगवेगळी आहे. विकसित राष्ट्रांची नावे परिशिष्टात नोंदली गेली. त्यांनी आधी कपात करावयाची, आणि विकसनशील राष्ट्रांना निधी व तंत्रज्ञान द्यावयाचे. विकसनशील राष्ट्रे कितपत कृती करू शकतील, हे त्या मदतीवर अवलंबून राहील, असेही करारात स्पष्ट लिहिले गेले. २१ मार्च १९९४ रोजी हा करार अमलात आला.

एक गोष्ट मात्र तेव्हा राहून गेली आणि ती आजवर राहिलेली आहे. या करारातील निर्णय मतदानाने कसे घ्यावयाचे, याचा नियम कधीच संमत झाला नाही. साऱ्या गोष्टी सर्वसंमतीनेच ठरतात. एकमत झाले की नाही, हे ठरविण्याचे काम अध्यक्षांच्या हातोड्याकडे येते. हा तांत्रिक वाटणारा तपशील पुढे किती महत्त्वाचा ठरला, ते ओघाने येईलच.

ओझोनचा धडा

अशी वेगवेगळी जबाबदारी मान्य केली तर करार चालतच नाही, असे पाश्चात्त्य देशांतून वारंवार सांगितले जाते. हे खरे आहे काय? शेजारचाच दाखला पाहावा. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला खिंडार पडल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केले. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, मॉन्ट्रियल करार झाला. सुरुवातीला भारत आणि चीन त्याबाहेर राहिले. शीतकपाटांतील वायू बदलण्याचा खर्च कोण सोसणार, हा त्यांचा प्रश्न होता. १९९० च्या लंडन बैठकीत तत्कालीन पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी तो ठामपणे मांडला. त्यातून विकसनशील देशांसाठी बहुपक्षीय निधी उभा राहिला. त्यांना आधीच १० वर्षांची सवलत होती. निधीची तजवीज होताच भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला. आज जगातील प्रत्येक राष्ट्र या कराराचा सदस्य आहे आणि ओझोनचा थर भरून येत आहे.

ओझोनला मारक वायू बनविणारे कारखाने मोजके होते आणि त्यांना पर्यायही लवकर सापडले, हे खरे. कार्बनचे तसे नाही. तो प्रत्येक चुलीत, प्रत्येक भट्टीत आणि प्रत्येक वाहनात आहे. तरीही एक गोष्ट निर्विवादपणे सिद्ध झाली: वेगळी मुदत आणि हमीचा निधी या गोष्टी कराराच्या आड आल्या नाहीत. उलट त्यांच्यामुळेच करार सर्वांचा झाला.

क्योटोची कहाणी

हाच न्याय हवामानाच्या बाबतीत लावण्याचा एकमेव खरा प्रयत्न म्हणजे क्योटो करार. १९९५ मध्ये बर्लिनला पहिली परिषद भरली. जर्मनीच्या तत्कालीन पर्यावरणमंत्री अँगेला मर्केल तिच्या अध्यक्षस्थानी होत्या. विकसनशील राष्ट्रांवर नवे बंधन न घालता विकसित राष्ट्रांसाठी कपातीचे आकडे ठरवावेत, असा आदेश तेथे निघाला. दोन वर्षांनी, ११ डिसेंबर १९९७ रोजी, क्योटो येथे ते आकडे ठरले. १९९० च्या तुलनेत युरोपने ८ टक्के, अमेरिकेने ७ टक्के, जपानने ६ टक्के, अशी सरासरी ५.२ टक्के कपात २००८ ते २०१२ या काळात करावयाची होती.

वाटाघाटींत ब्राझीलने एक प्रस्ताव मांडला होता. ज्या राष्ट्राने तापमानवाढीत जितका हात लावला, तितका त्याचा कपातीतील वाटा असावा, आणि जे उद्दिष्ट चुकवील त्याने दंड भरावा. त्या दंडातून स्वच्छ विकासाचा निधी उभारावयाचा होता. क्योटोतून बाहेर पडेपर्यंत त्या दंडाचा बाजार झाला. निधीची 'यंत्रणा' झाली. श्रीमंत देशांनी गरीब देशांतील प्रकल्पांतून उत्सर्जनकपातीची प्रमाणपत्रे विकत घ्यावीत आणि ती आपल्या खात्यावर जमा दाखवावीत, अशी ती व्यवस्था होती.

अमेरिकी सिनेटने तर क्योटोच्या आधीच, जुलै १९९७ मध्ये, ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव करून ठेवला होता: विकसनशील राष्ट्रांवर त्याच काळात बंधने नसतील, तर अमेरिकेने स्वाक्षरीच करू नये. १९९८ मध्ये स्वाक्षरी झाली, पण मान्यता कधीच मिळाली नाही. २००१ मध्ये अध्यक्ष बुश यांनी करार झिडकारला. रशियाने मान्यता दिल्यानंतर, १६ फेब्रुवारी २००५ रोजी, तो कसाबसा अमलात आला. पुढे २०११ मध्ये कॅनडानेही अंग काढून घेतले.

याच काळात, २००२ मध्ये, आठवी परिषद नवी दिल्लीत भरली होती. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी तेथे भारताची भूमिका निःसंदिग्ध शब्दांत मांडली. आपली जबाबदारी पार न पाडता विकसनशील राष्ट्रांवर नवी बंधने सुचविणे अनाठायी आहे, आणि लोकशाहीच्या मूल्यांशी सुसंगत असा निकष एकच, तो म्हणजे जागतिक पर्यावरणीय संपत्तीवर दरडोई समान हक्क, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. पाच वर्षांनी, २००७ मध्ये, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी जर्मनीत जाहीर केले की, भारताचे दरडोई उत्सर्जन विकसित देशांच्या दरडोई उत्सर्जनापेक्षा कधीही अधिक होणार नाही. सरकारे बदलली, पण भूमिकेचा धागा तुटला नाही.

कोपनहेगन ते पॅरिस: फरक पुसट होतो

डिसेंबर २००९ च्या कोपनहेगन परिषदेकडून फार मोठ्या अपेक्षा होत्या. प्रत्यक्षात शेवटच्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा हे चीन, भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांच्या नेत्यांच्या बैठकीत जाऊन बसले आणि त्यातून एक समझोता निघाला. बोलिव्हिया, व्हेनेझुएला, सुदान, तुवालू आदी देशांनी हरकत घेतल्यामुळे परिषदेने त्याची फक्त 'नोंद घेतली'. पण दिशा बदलली होती. यापुढे उद्दिष्टे वाटाघाटींतून ठरणार नव्हती. जो तो आपापले आकडे घोषित करणार होता.

२०११ मध्ये डर्बन येथे तत्कालीन पर्यावरणमंत्री जयंती नटराजन यांनी ठरलेल्या वेळेनंतर लांबलेल्या बैठकीत समन्यायाचा मुद्दा सोडण्यास नकार दिला. सभागृहाच्या मध्येच घोळका करून तडजोडीचे शब्द शोधावे लागले. तेथून पॅरिसचा मार्ग ठरला. पॅरिसमध्ये प्रकाश जावडेकर पर्यावरणमंत्री या नात्याने भारताची बाजू मांडत होते. 'सामायिक पण विभिन्न जबाबदारी' हे शब्द त्या करारात राहिले, ही भारताच्या प्रयत्नांची जमेची बाजू होय. मात्र त्यांना 'भिन्न राष्ट्रीय परिस्थितीच्या प्रकाशात' अशी पुस्ती जोडली गेली. परिशिष्टातील नावांची यादी मागे पडली. नैसर्गिक हानीबद्दलचे कलम आले, पण ते दायित्वाचा वा नुकसानभरपाईचा आधार होणार नाही, असे सोबतच्या निर्णयात नमूद झाले. आणि अखेरच्या क्षणी 'घेतील'चे 'घ्यावा' झाले.

तरीही पॅरिस करार व्यर्थ होता असे म्हणता येणार नाही. तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खाली राखावी आणि दीड अंशासाठी झटावे, हे ध्येय प्रथमच साऱ्या जगाने एकमुखाने स्वीकारले. भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी, महात्मा गांधींच्या जयंतीदिनी, त्यास मान्यता दिली. ज्या एका राष्ट्रासाठी शब्द बदलला गेला, ते मात्र २०२० मध्ये बाहेर पडले, २०२१ मध्ये परत आले आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील अध्यक्षांनी पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला. बंधन सैल केले की सारे एकत्र राहतील, ही अपेक्षाही अशी फोल ठरली.

हातोडा आणि आश्वासने

निधीची कथा याहून वेगळी नाही. २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन विकसित राष्ट्रांनी कोपनहेगन येथे दिले होते. त्यांच्या स्वतःच्या संघटनेच्या हिशेबानुसारच ते प्रथम पूर्ण झाले २०२२ मध्ये. त्यातही मोठा भाग कर्जाचा. पुरात घर वाहून गेलेल्या माणसाला सावकाराने व्याजाने पैसे द्यावेत आणि त्याची नोंद दानाच्या वहीत करावी, तसा हा प्रकार आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अझरबैजानची राजधानी बाकू येथे नवा आकडा ठरावयाचा होता. विकसनशील राष्ट्रांची मागणी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलरची होती. प्रत्यक्षात २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभारण्याचा मसुदा पुढे आला. भारताने बोलू देण्याची मागणी आधीच नोंदवली होती. तरीही अध्यक्षांचा हातोडा पडला आणि निर्णय संमत झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी उभे राहून हा दस्तऐवज म्हणजे दृष्टिभ्रम असल्याचे सांगितले आणि तो फेटाळला. नायजेरिया, क्यूबा, बोलिव्हिया यांनी त्यांना पाठिंबा दिला. २०१० मध्ये कानकून येथे बोलिव्हियाची हरकत अशाच प्रकारे हातोड्याखाली दबली होती. मतदानाचा नियम नाही आणि सर्वसंमतीची व्याख्या नाही, अशा सभेत दुर्बलाचा 'नाही' ऐकू येतोच असे नव्हे.

भरीस भर म्हणून युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा आयात मालावर त्यातील कार्बननुसार सीमाशुल्क आकारण्याची पद्धत आणली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा नोंदणीचा टप्पा सुरू झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून ती प्रत्यक्ष लागू झाली. वास्तविक रिओच्या करारातच, हवामानाच्या नावाखाली व्यापारावर छुपी बंधने घालू नयेत, असे म्हटलेले आहे. सभागृहात जे बंधन शब्दांतून काढले गेले, ते बंदरावर शुल्काच्या रूपाने परत आले, आणि तेही उलट्या दिशेने.

कोळशाचा शब्द

येथवरचे विवेचन ऐकून आपली बाजू शंभर टक्के निर्दोष आहे, असे समाधान कोणी मानून घेऊ नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे कोळशाचा वापर 'संपविण्या'ऐवजी 'कमी करीत जाण्या'चा शब्द भारताने शेवटच्या क्षणी मांडला. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांना व्यासपीठावरच अश्रू आवरले नाहीत. मार्शल बेटांसारख्या, समुद्रात बुडू पाहणाऱ्या देशांनी तीव्र खंत व्यक्त केली. भारताचा युक्तिवाद बिनतोड होता: एकट्या कोळशाचेच नाव का? तेल आणि वायू यांचे का नाही? पुढच्याच वर्षी भारताने सर्वच जीवाश्म इंधने कमी करण्याचा प्रस्ताव मांडून आपली सुसंगती दाखविली. पण मार्शल बेटांवरच्या माणसाला कोणत्या देशाचा युक्तिवाद बिनतोड आहे, याच्याशी कर्तव्य नाही. त्याच्या अंगणात पाणी येते आहे. तोही विकसनशील जगातलाच आहे, हे विसरून चालणार नाही.

आणि पाणी काही त्याच्याच अंगणात येते असे नाही. जून २०२० मध्ये 'निसर्ग' चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरुडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. जुलै २०२१ मध्ये महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. २०१६ मध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. या प्रत्येक आपत्तीचा दोष एकट्या तापमानवाढीवर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. पाण्याचे नियोजन, डोंगरउतारांची निगा यांतील आपल्या चुका त्यात आहेतच. पण वाढत्या तापमानात पाऊस अधिक लहरी व अधिक तीव्र होतो, समुद्र चढतो, यात आता शंका उरलेली नाही. तापमानवाढ रोखण्यात भारताचा स्वार्थ कोणत्याही श्रीमंत राष्ट्रापेक्षा कमी नाही, अधिकच आहे.

दुसऱ्या बाजूला चंद्रपूर, वणी, बल्लारपूरचा कोळसापट्टा आहे. ग्लासगोत बदललेल्या त्या एका शब्दाचा अर्थ तेथे खाणीतल्या पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या भाकरीशी जोडलेला आहे. खाण बंद होईल तेव्हा त्याने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेले नाही. ते देशालाच शोधावे लागेल, आणि निधीचा आग्रह धरावयाचा तो अशाच माणसांसाठी.

भारत आज वार्षिक उत्सर्जनात जगात तिसरा आहे. चीनचे दरडोई उत्सर्जन तर युरोपच्याही पुढे गेले आहे. त्यामुळे १९९२ ची यादी जशीच्या तशी कायम ठेवा, असे म्हणणे दिवसेंदिवस कठीण होणार. परंतु यादी बदलणे वेगळे आणि हिशेबाची वहीच जाळून टाकणे वेगळे. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय जाहीर केले आहे. वीजनिर्मितीच्या क्षमतेपैकी ५० टक्के बिगर-जीवाश्म स्रोतांची करण्याचे २०३० चे उद्दिष्ट २०२५ च्या मध्यासच गाठले गेले. प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत मात्र कोळशाचा वाटा अजूनही दोन-तृतीयांशाहून अधिक आहे. पहिल्या गोष्टीचा अभिमान बाळगावा आणि दुसरीचा विसर पडू देऊ नये. ज्याचे स्वतःचे आचरण चोख, त्याच्याच शब्दाला सभेत वजन येते.

पुढची वाट

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेम येथे तिसावी परिषद झाली. अमेरिकेच्या सरकारचे शिष्टमंडळ तेथे नव्हते. बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठीचा निधी २०३५ पर्यंत तिप्पट करण्याचे आवाहन झाले. जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा आराखडा मात्र मुख्य निर्णयात येऊ शकला नाही. निराश व्हावे असेच हे चित्र आहे. पण त्याच वर्षी आणखी एक घटना घडली. पॅसिफिक महासागरातील काही कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये एक मोहीम सुरू केली होती. वानुआतू या चिमुकल्या देशाने ती उचलून धरली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठविला, आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने सल्ला दिला की, हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्याच्या भंगाचे परिणामही कायदेशीर आहेत. हा सल्ला आहे, हुकूमनामा नव्हे. तरी एका संध्याकाळी जो शब्द सभागृहातून बाहेर काढला गेला, तो न्यायालयाच्या दाराने परत आला आहे.

आकाशाला कुंपण घालता येत नाही. म्हणून करार हवाच, आणि तो सर्वांचा हवा. पण गायरानावरचा ठराव टिकावयाचा असेल, तर कोणी किती चारले याची वही ग्रामसभेपुढे उघडी राहिली पाहिजे. तसेच, ज्याची एकच गाय आहे त्यानेही उरलेल्या गवताची राखण केली पाहिजे, कारण ते सुकले तर पहिली उपाशी राहणार ती त्याचीच गाय. मोठ्या राष्ट्रांना 'घेतील' या शब्दापाशी परत आणणे हे भारताच्या मुत्सद्देगिरीचे काम आहे. आपल्या गावी, आपल्या शेतात, आपल्या कारखान्यात तो शब्द कोणी न सांगता पाळणे हे समाजाचे काम आहे. दुसरे काम पहिल्याची वाट पाहत थांबणार नाही, एवढी खात्री या देशाने जगाला द्यावी.